साहेबांच्या नावाचा डबा

मराठी घरात पाडवा आणि भाऊबीज झाली की दिवाळी संपली असे वाटते. गुजरातेत मात्र तसे नसते. तेथे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी नवे वर्ष सुरू होते, त्याला 'बेसतुं वरस' म्हणतात, आणि बहुतेक पेढ्या, कचेऱ्या व कारखाने उघडतात ते थेट कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे लाभपाचमेला. तोपर्यंत कुलूप. बडोद्यात गायकवाडांच्या काळापासून राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या अंगवळणी ही पाचम केव्हाच पडली आहे.

अशाच एका मराठी कुटुंबाचा व्यवसाय वजनकाट्यांचा. सासऱ्यांनी तराजू आणि लोखंडी काट्यांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली होती. आता मुलगा इलेक्ट्रॉनिक काटे विकतो, दुरुस्त करतो आणि कारखान्यांशी वर्षाचा देखभालीचा करार करतो. सून हिशेब, बिले आणि वसुली बघते. पदरी दोन मेकॅनिक आहेत.

तीन वर्षांपूर्वीची लाभपाचम. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून सकाळीच फोन आला की स्टोअरमधला काटा शून्यावर येत नाही. नवराबायको दोघेही निघाली. तो स्टोअरकडे गेला आणि ती जुन्या बिलाची चौकशी करायला वर ऑफिसात गेली. नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन झाल्या, चहा आला. बोलता बोलता तिची नजर फायलींच्या कपाटावर गेली. तेथे लाल-सोनेरी कागदातला एक डबा होता. त्याच्यावर त्यांच्याच पेढीचे कार्ड होते आणि खाली साहेबांचे नाव, तिच्याच अक्षरात.

डबा धनत्रयोदशीच्या दुपारी पोचवला होता. साहेब त्या दिवशी सकाळीच गावी गेले होते. आठवडाभर बंद खोलीत पडून माव्याच्या बर्फीवर हिरवट बुरशी धरली होती. म्हातारा पट्टेवाला डबा उचलायला आला तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "काका, कुणी उघडला नाही का?"

"बेन, आम्ही बारा जण होतो त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत बसलो होतो," काका म्हणाले. "पण साहेबांच्या नावाचा डबा. उघडणार कोण?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. त्यांनी डबा कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि हात धुवून कप उचलायला लागले. घरी परतताना स्कूटरवर ती काहीच बोलली नाही.

भेट कुणाला?

दिवाळीला गिऱ्हाइकांच्या कचेरीत काहीतरी पाठवायचे, ही रीत आता देशभर आहे. कोठे ते दुर्गापूजेच्या आधी जाते, कोठे ओणमला, कोठे नाताळाचा केक म्हणून. पण पाठवणाऱ्याच्या मनातला माणूस एक असतो आणि त्याच्यामुळे ज्यांचे काम होते ती माणसे वेगळी असतात, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

त्या रात्री तिने वही काढली. मागच्या दिवाळीला २४ डबे गेले होते, प्रत्येकी ९०० रुपयांचे, एकूण २१,६०० रुपये. यादीत २४ नावे होती आणि सगळी मालकांची, मॅनेजरांची किंवा खरेदी अधिकाऱ्यांची होती. मग तिने वर्षभर आपण प्रत्यक्षात कुणाशी बोललो ते आठवून पाहिले. बिल पुढे सरकवणारा हिशेबनीस, चेक तयार झाल्याचा फोन करणारी टेबलावरची मुलगी, दुरुस्तीचे सामान आत नेऊ देणारा गेटवरचा वॉचमन, काटा बिघडला की पहिल्यांदा ओळखणारे माल चढवणारे लोक, आणि पाणी आणून देणारे ते काका. या सगळ्यांपैकी एकाचेही नाव यादीत नव्हते.

सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांना सासऱ्यांच्या वेळची पद्धत आठवली. ते स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन जात. कचेरीत शिरले की पहिला पेढा दारावरच्या माणसाच्या हातावर, मग एकेका टेबलापाशी, आणि शेवटचा साहेबांना. पुडा तेथेच संपायचा. रिकामा कागद खिशात घालून ते बाहेर पडायचे. पुढे व्यवसाय वाढला, गिऱ्हाइके वाढली, वेळ कमी पडू लागला आणि पुड्याचा डबा झाला. डब्याला झाकण आले, झाकणावर नाव आले.

पुठ्ठ्याचे वजन

पुढच्या वर्षी घटस्थापनेलाच विषय निघाला. मिठाईवाल्यांकडून नमुन्याचे डबे आले होते. नवऱ्याने सवयीने एक डबा रिकामा करून दुकानातल्या काट्यावर ठेवला. मखमली अस्तराचा तो डबा १४० ग्रॅम भरला.

"हजार रुपये किलोची मिठाई डब्यासकट तोलली, तर एकशे चाळीस रुपयांचा पुठ्ठा झाला," तो म्हणाला.

वजनकाट्याच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. वैधमापन कायदा २००९ चा आहे आणि त्याप्रमाणे गिऱ्हाइकाला मिळायला हवे ते निव्वळ वजन, वेष्टनाचे वजन वगळून. मिठाई घेताना दुकानदाराला रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगावे. बहुतेक काट्यांवर त्यासाठी वेगळे बटण असते. सणाच्या गर्दीत हे सांगायला संकोच वाटतो, आणि पुठ्ठा मिठाईच्या भावाने जातो तो त्या संकोचामुळेच.

दुसरी गोष्ट तारखेची. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे दुकानदारांना बंधनकारक झाले. बंगाली मिठाई एक-दोन दिवसांची, माव्याची त्यापेक्षा थोडी जास्त टिकणारी, आणि काजूची व बेसनाची त्याहून जास्त. घरी नेऊन लगेच खायची असेल तर ठीक. पण जी मिठाई आधी दुकानातून आपल्याकडे, मग आपल्याकडून गिऱ्हाइकाच्या कचेरीत आणि तेथे साहेबांच्या परवानगीपर्यंत थांबणार, तिची तारीख वाटेतच निघून जाते. शिवाय सणाच्या दिवसांत माव्याच्या भेसळीची भीती असतेच. माव्यात पिठूळ पदार्थ मिसळला आहे का हे घरीही पाहता येते. थोडा मावा पाण्यात उकळून थंड करावा व त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळा झाला तर पीठ आहे असे समजावे. तिने तो प्रयोग करून पाहिला. मावा शुद्ध निघाला, पण कपाटावरचा तो डबा काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मावा यादीतून गेला.

जेवणाच्या टेबलावरची परीक्षा

चार दिवस जेवणाच्या टेबलावर नमुने मांडून परीक्षा चालली. घरातल्यांनी एक साधी कसोटी ठरवली होती. वस्तू अशी हवी की बारा-पंधरा माणसांच्या कचेरीत ती सुरी, ताटली आणि चमचा न मागता वाटता यावी.

सोनपापडीचा नंबर पहिल्यांदा गेला. तिच्यावर इतके विनोद झाले आहेत की देणाऱ्यालाच संकोच वाटतो. पण खरे कारण वेगळे होते. ती हाताने उचलली की निम्मी टेबलावर आणि संगणकाच्या कळांमध्ये जाते. चॉकलेटे बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उन्हात मोटारसायकलवरून नेईपर्यंत मऊ पडली. फळांची करंडी दिसायला छान, पण ती कापणार कोण? ते काम पुन्हा पट्टेवाल्या काकांवरच येणार. सुक्या मेव्याची पेटी तर खणाखणांची, मखमलीची. ती पाहताक्षणी कुणालाही वाटते की ही घरी न्यायची वस्तू आहे. ती फोडून बारा जणांत वाटावी असे कुणाच्याच मनात येत नाही. पेढीचे नाव छापलेले मग आणि पेनस्टँड वर्षानुवर्षे येत राहतात आणि खणात पडून राहतात.

काजूकतलीवर बराच वाद झाला. एका किलोत साधारण सत्तर-ऐंशी तुकडे होतात, म्हणजे पंधरा माणसांना पुरून उरतात. पण कितीही तुकडे असले तरी डबा एकच. आणि एक डबा आला की तो कुणाच्या तरी टेबलावर ठेवला जातो, कुणीतरी तो उघडतो, कुणीतरी आधी घेतो, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेपर्यंत त्यात चुरा उरतो किंवा तेवढाही उरत नाही.

"मग एकेकाचं वेगळं बांधा," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात अक्षतांच्या पुड्या देतो तसं."

त्यावरून गाडी मार्गाला लागली. प्रत्येक माणसाला १०० ग्रॅमचे एक पाकीट, त्यात निम्मे शंकरपाळे आणि निम्मा पातळ पोह्यांचा चिवडा. चिवड्यात कांदा, लसूण आणि बटाटा नाही, कारण गुजरातेतल्या कचेऱ्यांत जैन मंडळी असतात, स्वामिनारायण पंथाची असतात. त्यांनी पाकीट हातात घेऊन बाजूला ठेवावे असे होऊ नये. शंकरपाळ्यांत अंडे नसणारच. दोन्ही पदार्थ नीट बंद केले तर पंधरा-वीस दिवस सहज टिकतात. तोंडात टाकायला चमचा लागत नाही.

दांडिया बाजार हा बडोद्यातला जुना मराठी वस्तीचा भाग. तेथे काही बायका एकत्र येऊन दिवाळीचा फराळ करून देत. त्यांच्याकडे अन्नसुरक्षेची नोंदणी होती आणि पाकिटावर तयार केल्याची व खाण्याची तारीख, घटक पदार्थ आणि वजन छापून देण्याची त्यांची तयारी होती. पाकिटाचा भाव ६० रुपये ठरला. नवऱ्याने पहिली दहा पाकिटे काट्यावर ठेवून पाहिली. एक ९७ ग्रॅम भरले, बाकी सगळी १०० च्या वर. त्याने ९७ वाले परत पाठवले. काम हाती घेतलेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातून छोटा काटा विकत नेला.

माणसे किती?

पाकिटे द्यायची तर माणसांची संख्या हवी. तिने एकेका कचेरीत फोन लावायला सुरुवात केली.

"तुमच्याकडे माणसं किती?"

"स्टाफ अकरा."

"आणि गेटवर?"

"वॉचमन दोन आहेत. पण ते एजन्सीचे."

"झाडायला कोण येतं?"

"एक बाई येतात. त्या कंत्राटदाराच्या."

"म्हणजे चौदा," ती म्हणे आणि वहीत आकडा लिही.

जवळजवळ प्रत्येक कचेरीत असेच झाले. पहिला आकडा कमी असायचा आणि त्यातून नेहमी तीच माणसे वगळलेली असायची: एजन्सीची, कंत्राटदाराची, शिकाऊ उमेदवार म्हणून सहा महिन्यांसाठी आलेली. आजकाल एका छताखाली काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण कागदावर दुसऱ्याच कुणाचे नोकर असतात. कंपनीची भेट त्यांना मिळत नाही, कारण ते कंपनीचे नाहीत. आणि बाहेरून आलेली भेट कंपनीची म्हणून आत वाटली जाते, तेव्हाही ते बाहेरच राहतात.

मोठ्या कारखान्यांचा प्रश्न वेगळा होता. दोनशे-तीनशे कामगारांना पाकिटे देणे या पेढीला परवडणारे नव्हते. तेव्हा ठरले की जेथे काटे आहेत आणि ज्यांच्याशी रोजचा संबंध येतो ते विभाग घ्यायचे: स्टोअर, माल पाठवण्याचा विभाग, प्रयोगशाळा, हिशेब आणि गेट.

यादीत दोन सरकारी कचेऱ्या होत्या. त्या तिने काढून टाकल्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत, राज्यांचे आपापले नियम आहेत, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. फराळाचे पाकीट म्हणजे लाच नव्हे, हे खरे. पण ज्या खात्याकडून दरवर्षी काट्यांची पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यायचे, तेथे शुभेच्छांचे कार्ड पुरेसे आहे, असे तिला वाटले. कार्डावर दोघांच्या सह्या केल्या.

उरल्या २२ कचेऱ्या आणि ३१२ माणसे. पाकिटांचे १८,७२० रुपये झाले. दोन कचेऱ्यांत मराठी मंडळी बरीच होती. तेथे चहाच्या टेबलावर ठेवण्यासाठी चार-चार दिवाळी अंक द्यायचे ठरले, त्याचे २,८०० रुपये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फराळाबरोबर अंकाचीही आहे, आणि अंकाइतकी वाटून घेण्याजोगी वस्तू दुसरी नाही. एकाने वाचला म्हणून तो संपत नाही. सगळा खर्च २१,५२० रुपये झाला, मागच्या वर्षीपेक्षा ८० रुपयांनी कमी.

हिशेबनिसाने नेहमीची आठवण करून दिली. भेटवस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून आयकराच्या कायद्यात अशी तरतूद आली की व्यवसायाच्या संबंधातून एखाद्याला वर्षात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ दिला तर त्यावर १० टक्के कर कापावा लागतो; बऱ्याच छोट्या धंद्यांना मात्र त्यातून सूट आहे. साठ रुपयांच्या पाकिटाला त्याची चिंता नव्हती.

एका नाण्याचा प्रश्न

खरी अडचण पुढेच होती. पेढीच्या वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून येत असे. दोन गोदामे आणि ट्रक तोलणारा मोठा काटा, तिन्हींचा करार तेथला. त्या वर्षी तेथे नवा खरेदी अधिकारी आला होता. माणसे किती हे विचारायला तिने फोन केला तेव्हा त्याने आकडा सांगितला आणि हसून म्हणाला, "बेन, ऑफिसचं ऑफिसला द्या. आमचं जरा वेगळं बघा. बाकीचे लोक चांदीचं नाणं देतात." करार जानेवारीत संपणार होता.

रात्री नवऱ्याने ऐकून घेतले आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एक नाणं तर आहे. देऊन टाकू. दोघा पोरांचे पगार तत्त्वांवर होत नाहीत."

तो चुकीचे बोलत होता असे म्हणता येणार नाही. दोन्ही मेकॅनिक दहा-बारा वर्षे त्याच्याकडे होते. एकाच्या मुलीची फी भरायची होती. छोट्या पेढीच्या मालकाला रात्री झोप येत नाही ती अशाच गोष्टींनी.

"आणि वहीत काय लिहायचं? कुणाच्या नावावर?" तिने विचारले.

"दिवाळी खर्च."

"मग पुढच्या वर्षी?"

त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी नाण्याचे वजन वाढते हे त्यालाही ठाऊक होते. सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "ह्यांनी जन्मभर पेढे वाटले, पण कुणी मागितले म्हणून नाही. मागून घेतलं की ते देणं झालं. त्याला भेट कशाला म्हणायचं?"

दोन दिवस घरात कुणी त्या विषयावर बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना नवरा म्हणाला, "तिथली पाकिटं किती?"

"छत्तीस."

"साहेबांचं धरून?"

"धरून."

"ठीक आहे," तो म्हणाला आणि शटर वर केले.

चहाच्या वेळी

पाकिटे पोचवायला या वेळी कुरिअरवाला पाठवला नाही. वसुबारसेच्या आधीचे सहा दिवस दोघांनी वाटून घेतले. सकाळी अकरा आणि दुपारी चार, म्हणजे चहाची वेळ साधून जायचे; कारण तेव्हा माणसे जागेवर असतात. केबिनमध्ये न जाता मधल्या टेबलावर खोके ठेवायचे. खोक्यावर कुणाचेही नाव नव्हते. गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'तुम्हा सर्वांसाठी', आणि खाली पाकिटांची संख्या. आकडा लिहिण्याचा फायदा असा, की एकाने दोन उचलली तर दुसऱ्याला लगेच कळते.

मकरपुऱ्याच्या त्या कचेरीत काकांनी खोके पाहिले, आकडा वाचला आणि स्वतःच एकेकाला हाक मारायला सुरुवात केली. गेटवरचे दोन्ही वॉचमन आळीपाळीने आले. झाडणाऱ्या बाई दारातच उभ्या राहिल्या. "मला पण?" त्यांनी दोनदा विचारले. पाकीट न फोडता त्यांनी पदरात बांधले. घरी मूल होते. थोड्या वेळाने साहेब केबिनमधून बाहेर आले, उभ्या उभ्या मूठभर चिवडा खाल्ला आणि विचारले, "हे केलं कुणी? आमच्या घरी मिळेल का?" तिने दांडिया बाजारातल्या बायकांचा फोन नंबर दिला.

सगळीकडेच असे छान झाले असे नाही. एका कचेरीत त्याच आठवड्यात दोन शिकाऊ मुले रुजू झाली होती. पाकिटे दोन कमी पडली आणि ती मुले संगणकाकडे तोंड करून काम असल्यासारखी बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या खोक्यातली दोन काढून तिने त्यांना दिली आणि संध्याकाळी पुन्हा दांडिया बाजार गाठला. दुसऱ्या एका ठिकाणी हिशेब विभागातल्या एका वयस्कर गृहस्थांनी शंकरपाळे शेजाऱ्याला देऊन टाकले. त्यांना मधुमेह होता. ते काही बोलले नाहीत, पण तिने वहीत नोंद केली: काही पाकिटे बिनसाखरेची, भाजका चिवडा आणि फुटाणे.

मोठ्या गिऱ्हाइकाकडे नवरा एकटाच गेला. छत्तीस पाकिटे मधल्या टेबलावर ठेवली, माणसे जमली, हसतखेळत वाटप झाले. खरेदी अधिकाऱ्याने आपले पाकीट घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि "बस?" एवढेच म्हणाला. नवऱ्याने नमस्कार केला आणि तो परत आला.

शून्यावर

जानेवारीत त्या गिऱ्हाइकाने तीन ठिकाणांहून दर मागवले. मोठा काटा आणि एक गोदाम दुसऱ्या पेढीकडे गेले. एक गोदाम राहिले, तेही कमी दरात. ते नाणे दिले असते तर काय झाले असते हे कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित दर खरोखरच कमी आला असेल. पण त्या रात्री घरात जेवण गप्प झाले.

पुढचे आठ महिने ओढाताणीचे गेले. नवी मोटारसायकल घ्यायची होती ती लांबणीवर पडली. ती स्वतःचा म्हणून जो पगार पेढीतून घेत असे, तो तीन महिने घेतला नाही. दोघा मेकॅनिकांचे पगार मात्र एकही दिवस चुकले नाहीत. हळूहळू दोन-तीन छोटी कामे मिळाली आणि खड्डा बराचसा भरला, पूर्ण नाही.

त्या काळात एकदा तिने नवऱ्याला विचारले, "पश्चात्ताप होतो का हो?"

तो एका काट्याचे झाकण उघडून बसला होता. "रोज होतो," तो म्हणाला. "पण काटा आधीच दहा ग्रॅमवर उभा असला, की त्याच्यावर काहीही ठेवा, सगळं खोटंच दाखवतो." आणि पुन्हा कामाला लागला.

दिवाळीच्या भेटीने करार टिकतात की नाही हे सांगणे कठीण आहे. त्या भरवशावर भेट देऊही नये. वर्षभर ज्यांच्या हातून आपले काम होते, त्यांना आपण ओळखतो एवढे तिने सांगितले तरी पुरे. तेवढ्यासाठी महागडी वस्तू लागत नाही. लागतो तो एक फोन, थोडी मोजदाद आणि चहाच्या वेळी स्वतः जाण्याची तयारी.

त्यानंतरची दिवाळीही तशीच गेली. यंदाची यादी पुन्हा जेवणाच्या टेबलावर आली आहे. वहीच्या त्या पानावर आता साहेबांची नावे नाहीत. डाव्या बाजूला कचेरी आणि उजव्या बाजूला आकडा, कंसात बिनसाखरेची किती ते. आणि प्रत्येक आकड्यापुढे, सासूबाईंच्या सांगण्यावरून, लाल शाईने लिहिले आहे: अधिक दोन.